गुलाबी रंगातलं सोनं

सिंगापूरला आलेले मराठी पाहुणे मरीना बे बघतात, सेंटोसाला जातात, लिटल इंडियात डोसा खातात आणि परतीच्या विमानात बसतात. तुम्ही येणार असाल, किंवा इथेच राहत असूनही कधी गेला नसाल, तर एक दुपार आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकान म्युझियमसाठी राखून ठेवा. ताओ नान नावाच्या शाळेसाठी १९१२ साली बांधलेली ही इमारत. आतल्या कपाटांमध्ये चिनी मातीची भांडी मांडलेली आहेत: झाकणाचे घट, ताटल्या, वाट्या, चमचे. गडद गुलाबी जमिनीवर पोपटी पानं, पिवळे पट्टे, फिरोजी कडा, मध्ये पंख पसरलेला फिनिक्स आणि टपोरी पिओनीची फुलं. चीनची म्हणून जी शांत, निळी-पांढरी भांडी आपल्या डोळ्यांसमोर असतात, त्यांच्याशी यांचं नातं जुळवणं अवघड जातं. आपल्याकडच्या लग्नघरातल्या शालू-पैठण्यांशी मात्र ते लगेच जुळतं.

या भांड्यांना न्योन्या भांडी म्हणतात, आणि त्यांच्या गुलाबी रंगात सोनं आहे. काठावर दिलेला सोनेरी मुलामा वेगळा. इथे खुद्द गुलाबी रंगच सोन्यामुळे आलेला आहे. हे सोनं तिथवर कसं पोचलं ती हकीकत सांगावीशी वाटते, कारण तिच्यात परदेशी राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना पडणारा एक प्रश्न दडलेला आहे. एखादी वस्तू आपली कशामुळे होते? आणि आपली राहते कशामुळे?

आधी रंगाबद्दल. भिंतीला दिलेला रंग वाळतो आणि पृष्ठभागाला चिकटून बसतो. मिन्याचा रंग वितळतो. मिना म्हणजे मुळात काच. वाळू, ती लवकर वितळावी म्हणून शिसं किंवा टाकणखार, आणि रंगासाठी एखाद्या धातूचं ऑक्साइड, हे सगळं एकत्र वितळवून रंगीत काच करायची. ती थंड झाली की कुटायची आणि वस्त्रगाळ करायची. ही पूड डिंकाच्या पाण्यात किंवा तेलात कालवून कुंचल्याने लावायची, नाहीतर कोरडीच चाळणीने भुरभुरायची आणि भट्टीत घालायची. पूड वितळते आणि खालच्या पृष्ठभागाशी एकजीव होते. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने हिरवा किंवा फिरोजी, मँगनीजने जांभळा, लोखंडाने पिवळसर ते तपकिरी.

खालचा पृष्ठभाग सोन्याचांदीचा असला तर त्या कामाला आपण मीनाकारी म्हणतो. लोखंडी पत्र्याचा असला तर ते आजोबांच्या घरातलं इनॅमलचं टमरेल. चिनी मातीचा असला तर ही न्योन्या भांडी. आणि खाली काचच असली तर ती आज विजेच्या छोट्या भट्ट्यांमध्ये जगभर चालणारी फ्यूज्ड ग्लासची कला. पैठणीतल्या रंगीत बुट्ट्यांनाही आपण मीनाकारी म्हणतो, तो शब्द याच कामावरून उसना घेतलेला.

हे काम जमण्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली अट वितळण्याची. पूड वितळली पाहिजे, पण तिच्याखालची वस्तू टिकली पाहिजे. चिनी मातीचं चांगलं भांडं १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेलं असतं आणि मिन्याला ७०० ते ८०० अंश पुरतात, त्यामुळे तिथे निश्चिंती असते. काचेवर काम करताना ही सोय नाही, कारण खालची काचही त्याच सुमाराला मऊ होऊ लागते. थोडं जास्त तापवलं की नक्षी राहते, पण पेल्याचा आकार जातो. तेराव्या-चौदाव्या शतकात इजिप्त आणि सीरियातल्या कारागिरांनी मशिदींसाठी मिन्याचे काचदिवे बनवले. ते आजही जगातल्या मोठ्या संग्रहालयांत मानाने ठेवलेले असतात, त्याचं एक कारण ही अडचण आहे.

दुसरी अट आकुंचनाची. तापलेली वस्तू निवताना आकसते. वरची काच आणि खालची वस्तू वेगवेगळ्या प्रमाणात आकसल्या तर मिन्याला तडे जातात किंवा त्याची ढलपी उडते. म्हणून आज फ्यूजिंगसाठी मिळणाऱ्या काचेवर ९० किंवा ९६ असा आकडा लिहिलेला असतो. ९० आकड्याच्या काचेची एक मीटर लांब पट्टी एका अंशाने तापली तर साधारण ९ मायक्रॉनने वाढते, ९६ ची ९.६ मायक्रॉनने. फरक क्षुल्लक वाटतो. पण निवताना काच सुमारे ५०० अंशांच्या खाली घट्ट होते, आणि तिथपासून खोलीच्या तापमानापर्यंत येता येता हा फरक मीटरमागे पाव मिलिमीटरहून जास्त होतो. काच तेवढाही ताण सहन करत नाही. भट्टीतून अखंड निघालेला तुकडा कधी कधी दोन दिवसांनी टेबलावर ठेवल्या जागी तडकतो, तो या साठलेल्या ताणामुळे.

आता गुलाबी रंग. निळा, हिरवा, पिवळा हे रंग कारागिरांना फार पूर्वीपासून येत होते. स्वच्छ, नितळ गुलाबी मात्र मिळत नव्हता. सतराव्या शतकात जर्मन भाषक मुलखातल्या किमयागारांना एक वाट सापडली. सोनं अम्लराजात विरघळवायचं आणि त्या द्रावात कथिलाचा क्षार घालायचा, की तळाशी जांभळट साका बसतो. आंद्रेआस कासियस याने १६८५ साली सोन्याविषयीच्या आपल्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं आणि तो साका कासियसच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. काचेत हे सोनं अगदी चिमूटभर मिसळलं तरी पुरतं. त्याच शतकात योहान कुंकेलने बर्लिनजवळच्या पॉट्सडॅममध्ये माणकासारखी लाल काच तयार केली, ती सोन्याचीच.

सोन्याने काच लाल का होते, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे पावणेदोनशे वर्षांनी, १८५७ साली, मायकेल फॅरेडेने दाखवलं की अशा लाल द्रावात सोनं अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तरंगत असतं. कासियसच्या साक्यावर काम केलेल्या रिखार्ड झिग्मोंडीला १९२५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आज आपण त्यांना नॅनोकण म्हणतो. काही दशलक्षांश मिलिमीटरपासून काही दहा-दशलक्षांश मिलिमीटरपर्यंतच्या आकाराचे हे कण प्रकाशातला हिरवा भाग शोषून घेतात आणि आपल्याकडे लाल-गुलाबी पोचतो. भट्टी जास्त तापली की कण मोठे होतात आणि रंग जांभळट, मळकट पडतो. म्हणजे गुलाबी रंग साधणं हे पाकृतीइतकंच आचेचंही काम. त्यात आणखी एक मेख आहे. भाजण्याआधी पुडीचा रंग वेगळाच दिसतो. कारागीर जो रंग लावत असतो, तो त्याला त्या घटकेला दिसत नसतो. तो फक्त मनात असतो.

हा गुलाबी रंग चीनला पोचला तो राजवाड्याच्या दाराने. कांगशी बादशहाने १६९६ साली पेकिंगच्या राजवाड्याच्या परिसरात काचेचा कारखाना काढला आणि तो किलियन श्टुम्फ या जर्मन जेसुइट पाद्र्याच्या हाती दिला. बादशहाला युरोपातल्या मिन्याच्या वस्तूंचं आकर्षण होतं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत राजवाड्यातल्या कारागिरांनी धातू, काच आणि चिनी माती या तिन्हींवर मिन्याचे प्रयोग केले, आणि १७२० च्या दशकात सोन्याचा गुलाबी चिनी भांड्यांवर स्थिरावला. तिथून तो जिआंगशी प्रांतातल्या जिंगदेझेन या कुंभारांच्या शहरात गेला. तिथे राहिलेल्या द'आंत्रकोल या फ्रेंच जेसुइटाने १७१२ आणि १७२२ साली मायदेशी पाठवलेल्या पत्रांत तिथल्या कामाची बारकाईने नोंद केली आहे. एक भांडं पुरं होईपर्यंत ७० माणसांच्या हातांतून जातं, असं तो लिहितो.

चिनी लोकांनी या रंगांना दिलेली नावं बघण्यासारखी आहेत. एक नाव 'यांगत्साय', म्हणजे परदेशी रंग. दुसरं 'फेनत्साय', म्हणजे पुडीचे रंग. आधी परदेशी असल्याची नोंद होती, पुढे पुडीचं नाव रूढ झालं. आज फेनत्साय ही चिनी कलेची ओळख मानली जाते आणि ते योग्यच आहे. पाककृतीचा धागा जर्मनीतून आला म्हणून त्याला कोणी जर्मन म्हणत नाही.

मग सिंगापूरचं यात काय? भांडी जिंगदेझेनची, रंगाची युक्ती युरोपातून आलेली. सिंगापूरने दिली ती मागणी.

पेरानाकान या मलय शब्दात 'अनाक' म्हणजे मूल हा शब्द आहे. बाहेरून आलेल्यांची पण इथे जन्मलेली लेकरं, असा त्याचा रोख. मलाक्का, पेनांग आणि १८१९ नंतर सिंगापूर या बंदरांत आलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी इथल्या बायकांशी लग्नं केली, त्यांचे वंशज म्हणजे पेरानाकान चिनी. पुरुषाला बाबा म्हणायचं, बाईला न्योन्या. घरात मलय बोलायचे, देव्हाऱ्यात पूर्वज चिनी, जेवणात नारळ, चिंच आणि मिरची. मलाक्कात तमिळ व्यापाऱ्यांचेही असेच वंशज आहेत. त्यांना चिट्टी म्हणतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घराण्यांकडे पैसा आला आणि त्यांनी जिंगदेझेनकडून आपल्या आवडीची भांडी मागवायला सुरुवात केली. चीनमधल्या घरांत अशी भडक जमीन सहसा वापरत नसत. ती यांनी मागितली. फिनिक्स आणि पिओनी हे चिनीच, पण तेच ते पुन्हा पुन्हा हवेत, गुलाबीवर पोपटी हवेत, हा हट्ट न्योन्यांचा. झाकणाच्या घटाला कामचेंग म्हणतात. लग्न, वाढदिवस, नवं वर्ष अशा प्रसंगी ही भांडी बाहेर निघत. पारंपरिक लग्न १२ दिवस चालायचं, तेव्हा भांडीही तेवढीच लागत. घरात सुतक असलं की गुलाबी कपाटात जाई आणि निळी-पांढरी भांडी बाहेर येत. रंगाचा अर्थ जिंगदेझेनच्या कारागिराने ठरवला नव्हता. तो सिंगापूर-मलाक्काच्या माजघरात ठरला होता.

न्योन्यांनी मिना आणखी एका रूपात आपलासा केला होता. युरोपातून आलेले इनॅमलचे, फुलं रंगवलेले डबे त्यांच्या घरांत असत. एकावर एक रचलेल्या या डब्यांना मलयमध्ये 'टिंगकाट' म्हणतात, म्हणजे मजला. चपलांवर आणि उशांवर त्या बारीक काचमण्यांचं भरतकाम करत, ते मणीही बहुतेक युरोपातलेच. कच्चा माल बाहेरचा, नक्षी आणि वापर घरचा.

म्युझियममधून बाहेर पडलात की दहा मिनिटं चालून व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या चाइम्सला जा. आज तिथे उपाहारगृहं आहेत, पण हे मूळचं १८५४ साली सुरू झालेलं जोगिणींचं कॉन्व्हेंट. शाळा १९८३ साली दुसरीकडे गेली आणि १९९० साली वास्तूला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. १९०४ साली पुऱ्या झालेल्या तिथल्या चॅपलच्या खिडक्या बेल्जियममधल्या ब्रूजच्या ज्यूल दोब्बलारच्या कार्यशाळेत घडल्या. आपण त्यांना रंगीत काचा म्हणतो, पण अशा खिडक्यांत दोन गोष्टी असतात. लाल-निळे तुकडे मुळातच रंगीत काचेचे. त्यांवरचे संतांचे डोळे, बोटं, कपड्यांच्या चुण्या मात्र काचेच्या पुडीत लोखंडाचं किंवा तांब्याचं ऑक्साइड मिसळून काढतात आणि ६०० अंशांच्या वर भाजतात. मुंबईत राजाबाई टॉवरच्या इमारतीतल्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या खिडक्या तुम्ही पाहिल्या असतील, तर हे तंत्र तुमच्या ओळखीचंच आहे. चेहरे पावसापाण्यात टिकतात, कारण ते काचेवर लावलेले नसून काचेतच विरलेले असतात.

याची दुसरी बाजू आपल्या मराठी इतिहासात सापडते. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात, विशेषतः दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीत (१७९८ ते १८३२), काचेच्या मागून चित्रं काढायची कला तिथे बहरली. हे तंत्र चीनबरोबरच्या व्यापारातून हिंदुस्थानात आलं होतं. यात सगळं उलटं करायचं असतं. डोळ्यांतली बुबुळं आणि दागिने आधी, पार्श्वभूमी शेवटी. तंजावरच्या चितारांनी या चिनी युक्तीत राम, कृष्ण आणि राजदरबार आणले आणि ती पूर्ण आपली केली. फक्त हे रंग भट्टीत जात नाहीत. ते काचेला नुसते चिकटलेले असतात. दमट हवेत त्यांचे पापुद्रे सुटतात, म्हणून अशी जुनी चित्रं जपणं फार कठीण जातं. इथे भाजलेलं काम टिकाऊ आणि न भाजलेलं कच्चं, असा निवाडा करावासा वाटतो.

पण न्योन्या भांड्यांची पुढची हकीकत हा निवाडा अपुरा ठरवते. १९११ च्या क्रांतीनंतर चीनमधली घडी विस्कटली. १९३० च्या आसपासच्या मंदीत मलायातल्या व्यापारी घराण्यांचा पैसा आटला. मुली इंग्रजी शाळांत जाऊ लागल्या, १२ दिवसांची लग्नं आखडली. १९४२ ते १९४५ च्या जपानी अमलात आणि नंतरच्या ओढगस्तीत अनेक घरांनी वडिलोपार्जित वस्तू विकल्या. भट्टी विझली नाही. जिंगदेझेनमध्ये फेनत्सायचं काम आजही होतं, गुलाबी पूड आजही मिळते, कारागिराचा हातही आहे. संपली ती मागणी. गुलाबीवर पोपटीच हवं, असं ठणकावून सांगणारी न्योन्या राहिली नाही. एक भाजलेला, धुतला तरी न जाणारा रंग असा थांबला. भांडी टिकली, पण ती भांडी घडणं थांबलं. आज जुनी न्योन्या भांडी संग्राहकांकडे असतात आणि दुकानांत नव्या नकला मिळतात, पण घरच्या लग्नासाठी नमुना ठरवून संच मागवण्याची रीत गेली.

त्याच समाजाचा केबाया मात्र जिवंत आहे. सिंगापूर एअरलाइन्सने तो गणवेशात घेतला, त्याचा नमुना १९६८ साली पिएर बाल्मां या फ्रेंच शिंप्याने बेतला होता. डिसेंबर २०२४ मध्ये पाच देशांनी मिळून युनेस्कोच्या यादीत केबायाची नोंद करवून घेतली. पण यादीपेक्षा महत्त्वाचं हे की बायका अजून तो शिवून घेतात, बाही आखूड करा, जाळी बारीक करा, असं शिंप्याला सांगतात. केबाया बदलला म्हणून तो राहिला.

आता आपल्याकडे बघा. मराठी नवरीचा हिरवा चुडा. त्याच्याइतकं मराठी दुसरं काय असेल? पण ती काच बहुतेक उत्तर प्रदेशातल्या फिरोजाबादची. हिरवा रंग क्रोमियमचा किंवा तांब्याचा. लग्नाला हिरवाच हवा, डोहाळजेवणाला हिरवाच हवा, हा आग्रह तेवढा आपला. चुडा 'भरायचा' असतो, आणि बांगडी फुटली असं न म्हणता वाढवली म्हणायचं असतं, ही भाषाही आपली. फिरोजाबादच्या कारागिराला यातलं काही ठाऊक असायची गरज नाही, जशी जिंगदेझेनच्या कारागिराला सुतकाची नव्हती. सिंगापूरच्या किंवा तुमच्या शहरातल्या मराठी लग्नात तो चुडा आला, की तो तिथलाही होतो.

परदेशात आपली एक नेहमीची खंत असते: इथे अस्सल काही मिळत नाही. मोदकाचं पीठ बाहेरचं, पैठणी यंत्रमागाची, गणपती आणखी कुठला. न्योन्यांकडेही अस्सल असं फारसं काही नव्हतं. रंग एकीकडचा, माती दुसरीकडची, डबे आणि मणी तिसरीकडचे. तरी त्या भांड्यांकडे बघून कोणालाही क्षणात कळतं की ही कोणाची. पुढे ती थांबली, तीही माल मिळेनासा झाला म्हणून थांबली नाहीत.

म्हणून मला वाटतं, आपण काळजी करायची ती मागणाऱ्याची. येवल्याच्या विणकराकडे नमुना सांगून पैठणी विणून घेणारी, हिरवा चुडा मुद्दाम मागवणारी, मुलाच्या मुंजीची पत्रिका मराठीत छापून हवी असं ठामपणे सांगणारी माणसं किती उरली आहेत, हे मोजायला हवं. विकत घेणं आणि सांगून करवून घेणं यांत फरक आहे. विकत घेणारा जे आहे त्यातून निवडतो. सांगणाऱ्याच्या मनात रंग आधीच ठरलेला असतो.

पेरानाकान म्युझियममध्ये गेलात तर एखाद्या कामचेंगसमोर थोडा वेळ थांबा. समुद्रापलीकडच्या कोणा कारागिराने भट्टीत घालेपर्यंत तो गुलाबी नीट पाहिलेलाही नव्हता. तो इतका गडद हवा, हे सिंगापूरच्या किंवा मलाक्काच्या एका घरातल्या बाईला मात्र पक्कं माहीत होतं.